दोरीवरची मुलगी

दोरीच्या मल्लखांबावरून शर्वरी उतरली. तिच्या पायाच्या बोटांमधला जुना, कडक घट्टा पाहून परीक्षक कान्हेरेबाईंच्या मनात पाल चुकचुकली.

"वय काय गं तुझं?"

"अकरा," उत्तर प्रशिक्षक महाबळांनी दिलं. "एक्स-रे बघा ना. हाडं अकराचीच आहेत."

बाईंचा एक्स-रेवर विश्वास उरला नव्हता. हार्मोन्स तयार करणारं एन्झाइमच बंद पाडणाऱ्या गोळ्या हल्ली चोरून मिळत. त्या घेतल्या की मूल वयातच येत नसे, हाडांची वाढही थांबे. पण पुरावा कुठून आणायचा?

तेवढ्यात कडेवर बाळ घेतलेली एक तरुणी आत आली आणि तिने शर्वरीचा हात घट्ट धरला.

"आईंनी बाहेर थांबायचं," बाई म्हणाल्या.

"आई नाही हो, मॅडम. हिला घरी न्यायला आलेय. आम्ही जुळ्या आहोत."