कोडला श्रीकार

"सर, कंपायलर बदलला, मशीन बदललं, आता फक्त माझा जन्म बदलायचा राहिलाय!" मी ओरडले. सकाळी गुणी बाळासारखी बिल्ड झालेली सी प्लस प्लसची लायब्ररी दुपारी हजारभर एरर ओकत होती आणि पाचला क्लायंट येणार होता.

"नारळ फोडू या का?" खांबेटे सरांनी विचारलं.

"आधी माझं डोकं फोडा."

चडफडत मी एररच्या ढिगाऱ्यात अगदी वर, पहिल्या एररपाशी गेले. बाकीच्या सगळ्या फाइल्स जिच्यावर उभ्या, त्या फाइलची पहिलीच ओळ कंपायलरला कळत नव्हती. फाइल उघडली. वर दिमाखात लिहिलेलं: ॥ श्री ॥

"हे कोणी केलं?"

"मीच. आज क्लायंट येतोय, म्हटलं कोड श्रीकाराशिवाय नको."

दात-ओठ खात मी त्या ओळीआधी दोन तिरप्या रेघा मारल्या. अशी ओळ कंपायलर वाचतच नाही, सरळ पुढे जातो. बिल्ड एका दमात झाली.

सरांनी डोळे मिटून हात जोडले. "बघितलंस? शेवटी देव पावलाच."

"हो सर. वाटेतून बाजूला केल्यावर लगेच पावला."