लताबाई आहेत का?

"रॉंग नंबर!" पलीकडून म्हातारा खेकसला. "हितं कोणी लताबाई नाय. रोज उठून काय लावलंय? घरात मी एकलाच, दार उघडं टाकून फोनला पळत येतो, गुडघा असा धरतो की इचारू नको. डॉक्टर म्हनला, बेस्तरवारी नाशकाला ये. आता बेस्तरवारी दिवसभर घराला कुलूप. कळलं? ठेव फोन!"

आणि त्यानंच ठेवला.

वेदिका कानातली वायर काढून तशीच बसली. नाशिकच्या सिडकोतलं दोन खोल्यांचं घर, झाकण लावलेलं शिलाई मशीन आणि त्यावर लॅपटॉप. हेच तिचं ऑफिस. नोकरीला पंधरा दिवस झालेले. व्हर्च्युअल असिस्टंट. म्हणजे घरी बसून लांबच्या माणसाची पत्रं लिही, तिकिटं काढ, त्याच्या वतीनं फोन लाव. साहेब काही दिसायचा नाही. तिचा साहेब म्हणजे डिसोझा मॅडम, बेंगलोरच्या.

बाकी कामं सरळ होती. एकच वाकडं. रोज सकाळी बरोबर नऊला घोटीच्या पुढं एका गावातल्या घरी, तिथल्या जुन्या फोनवर लावायचं, मॅडमला लाईनवर घ्यायचं आणि विचारायचं, लताबाई आहेत का? मॅडम एक शब्द बोलायच्या नाहीत. पहिल्या दिवशी तेवढ्या शिंकल्या होत्या, एकापाठोपाठ तीनदा. दुसऱ्या दिवसापासून आपला आवाज बंद करून नुसत्या ऐकायच्या. फोन संपला की लगेच मेसेज. 'तुम्हाला आवाज कसा वाटला? मागं अजून कोणी होतं का?'

"तुझी मॅडम चोर हाय," मेथी निवडता निवडता सासू साळूबाई म्हणाली.

"आत्या, काहीही काय!"

"मग लताबाई कुठंय? पंधरा दिवस हुडकतीस, सापडली का? अगं, आमच्या चांदवडला एक जण आला व्हता, भांड्याला पॉलिश करून देतो म्हणून. घरात कोण असतं, कधी जातं, समदं गोड बोलून इचारलं. तिसऱ्या दिवशी घर साफ! त्यो निदान सोता आला व्हता. हिनं तर पगारी माणूस ठेवलंय."

"कोणाला?"

"तुला, दुसऱ्या कोणाला?"

वेदिका हसली खरी, पण वरवर. कारण तिच्याही मनात आठ दिवस तेच होतं. मॅडमचं आडनाव डिसोझा, पण नोकरीवर घेताना फोनवर बोलल्या तेव्हा दोनदा 'नाय' म्हणाल्या होत्या. चक्क घोटीच्या बाजारातल्या बाईसारखं. मग खोटं नाव कशाला?

तेवढ्यात मेसेज आला. 'त्या गावाहून गुरुवारी नाशिकला येणाऱ्या एसटीची वेळ काढा. परतीचीही.'

घराला कुलूप किती वाजता लागणार आणि किती वाजता निघणार, दोन्ही वेळा आता तिनंच काढून द्यायच्या!

तिनं वेळा पाठवल्या नाहीत. रात्रभर कूस बदलत राहिली. सहा महिने अर्ज करून मिळालेली ही पहिली नोकरी. तोंड उघडलं की नोकरी गेली. नाही उघडलं की म्हाताऱ्याचं घर गेलं.

बुधवारी तिनं मॅडमला न सांगता आठलाच फोन लावला. कोणी उचलेना. साडेआठला लावला. नुसती रिंग. पावणेनऊला परत. नाहीच. नऊ वाजले, मॅडम लाईनवर आल्या, आणि आता मात्र पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला.

"बोल," म्हातारा म्हणाला.

"लताबाई..." वेदिका थांबली. मग डोळे मिटून एका दमात बोलून गेली. "बाबा, लताबाई कोणी नाही. एक बाई मला हे रोज विचारायला लावते. ती आत्ताही ऐकतेय. उद्या घर सोडून जाऊ नका. जायचंच असलं तर शेजाऱ्याला बसवून जा."

मेथीची जुडी साळूबाईच्या हातातच राहिली.

"नाव काय गं तुझं, पोरी?" म्हाताऱ्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"वेदिका."

"जीव चांगला हाय तुझा. पण ऐक. पयल्या दिवशी तुझ्या मागं कोणीतरी शिंकलं. तीनदा. या घरात एकच माणूस तसं शिंकायचं. माझी पोरगी. आपल्या मनानं लगीन केलं तिनं, सात वर्सं झाली. आठाला मी गोठ्यात असतो. नवाला हितं, फोनापाशी. उद्या साडेधाला नाशकात सीबीएस स्टँडला उतरतो. ऐकणाऱ्यानं ऐकून घ्यावं."

लाईनवरचा बंद ठेवलेला आवाज सुरू झाला आणि कोणीतरी नाक ओढलं. वेदिकानं नव्हतं ओढलं. म्हाताऱ्यानंही नव्हतं.

"पण बाबा," वेदिकाला राहवेना, "पहिल्याच दिवशी ओळखलंत, तर रोज रॉंग नंबर, रॉंग नंबर कशाला?"

म्हातारा खाकरला.

"चार लोकांत शपथ घेतलीय बाई, पोरीशी बोलणार नाय म्हणून. रॉंग नंबरशी बोलणार नाय, अशी कुठं घेतलीय?"