काविळीची वाटी

निकेशच्या ओठांना वाटी लागणार, एवढ्यात दिव्यानी धावत अंगणात शिरली आणि ओरडली, "आबाजी, थांबा! देऊ नोका!"

वाटी थांबली. अंगणातली दहा-बारा माणसंही थांबली. झाडपाल्याचं औषध देणाऱ्या नथ्थूचा रविवार म्हणजे काविळीवाल्यांचा दिवस. वैनगंगेच्या दोन्ही काठांची माणसं सकाळीच येऊन बसायची. आज पहिला नंबर निकेशचा होता. वडशाच्या राइस मिलमधला हमाल, बावीस वर्षांचा गडी, पंधरवड्यात वाळून काडी झालेला, डोळे हळदीचे. वाटी धरून बसली होती ती त्याची आई, प्रेमिला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने तिला आजच्या आज गडचिरोलीला जा म्हणून बजावलं होतं. ती पोराला घेऊन इथं आली होती. इथला गुण आख्ख्या मुलखाला माहीत.

"काऊन वं पोट्टे, येवढी घाबरी?" नथ्थू हसत म्हणाला. नातीला पाहिलं की म्हातारा हसायचाच. वाटीतलं औषध ज्या वेलीच्या मुळीचं, तिचं नाव त्याने पोटच्या पोराला कधी सांगितलं नव्हतं. रविवारी खणायची तर शनिवारी सांजेला तांदूळ वाहून तिला आवतण द्यायचं, हेही सांगितलं नव्हतं. पण सहा महिन्यांपूर्वी तीच मुळी त्याने आपल्या हातांनी नातीच्या पिशवीत घातली होती. दिव्यानी नागपूरच्या प्रयोगशाळेत रानातल्या झाडपाल्यात कोणतं औषधी तत्त्व आहे ते शोधायचं काम करायची. "आला का तपासणीचा कागद? वाच मंग. या सगळ्याईले भी कळू दे."

दिव्यानीने कागद काढलाच नाही. वाचून तिथं कुणाला काय डोंबल कळणार होतं? "आबाजी, या मुळीत जे निघालं ना, ते लिवर सडवते. कावीळवाल्याचं तं लवकरच. आम्ही उंदरांवर पाह्यलं. सहा दिवसांत सगळे मेले."

"उंदरं!" कुणीतरी खो खो हसलं.

"अन् जे बरे झाले ते?" नथ्थूने समोर बसलेल्या शेजाऱ्याकडे बोट केलं. "या लटारूले विचार. खाटेवर टाकून आणला होता."

"कावीळ पुष्कळांची आपोआपच जाते, आबाजी. जे बरे झाले, ते हे औषध पिऊनही वाचले. अन् जे मेले, त्याईचं दुखणंच भारी होतं असं आपण म्हणत आलो."

आता मात्र कुणी हसलं नाही. लटारूने मान खाली घातली. त्याची बहीणही इथलीच वाटी पिऊन मेली होती. प्रेमिलाचा हात हळूहळू खाली आला. तिने पोराकडे पाहिलं, मग फाटकाबाहेरच्या ऑटोकडे पाहिलं. गडचिरोली दीड तासावर. निघावं, हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. आणखी थोडा वेळ कुणी बोललं नसतं, तर पोरगा वाचला असता.

पण म्हातारा उठला. भिंत धरून नातीजवळ आला.

"तुह्या आजीले मी सात वाट्या देल्ल्या," तो म्हणाला. "सातवी नोको म्हणे. पोटात आग पडली म्हणे. म्या जबडा दाबून पाजली."

त्याने नातीचा खांदा धरला.

"माह्या हातानं गेली का वं सुगंधा?"

दिव्यानीने गाडीत बसून सगळं घोकून आणलं होतं. कसं सांगायचं, रोग्यांना दवाखान्यात कसं धाडायचं, सगळं. हा एक प्रश्न काही तिच्या डोक्यात आला नव्हता. ऐंशीचा म्हातारा भ्यालेल्या डोळ्यांनी तिच्या तोंडाकडे पाहत होता. याच माणसाने तिला खांद्यावर बसवून शाळेत नेलं होतं. तिला त्याची भयंकर दया आली.

"नाई आबाजी," ती म्हणाली. "आजी त्यानं नाई गेली. तिचं वय झालं होतं."

नथ्थूने डोळे मिटले. छातीतून मोठा श्वास सुटला. मग तो गर्रकन माणसांकडे वळला. त्याचा आवाज ठणठणीत झाला होता.

"ऐकलं का? सात वाट्याईनं म्हातारी बाई मरत नाई, अन् हा जवान गडी एका वाटीनं मरन? पाज वं बाई त्याले!"

"आबाजी, मी तसं नाई म्हणलं..."

तो वळला. मघाचीच भीती त्याच्या चेहऱ्यावर परत आली होती.

"मंग कसं म्हणलं?"

दिव्यानीने त्याचा हात धरून त्याला भिंतीशी बसवलं. निकेशने नाक दाबून वाटी तीन घोटांत रिकामी केली.

प्रेमिलाने पदराने त्याचं तोंड पुसलं. मग ती उठून दिव्यानीजवळ आली आणि तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

"तू खरं बोलली म्हून बरं झालं, माय. मी तं वाटी फेकूनच देत होती."