खोक्यातला पिझ्झा

"खोक्यात कशाला घालायचा, आई? ताटात वाढू की."

दीक्षाने बिडाच्या तव्यावरचं झाकण काढलं. पिझ्झा टम्म फुगला होता. कडेने ओघळलेलं चीज तव्याला लागून तांबूस, कुरकुरीत झालं होतं. घरात ओव्हन नाही, काही नाही. घावन घालायच्या तव्यात सढळ हाताने तेल सोडून केलेला, पण हॉटेलवाल्यानेही तोंडात बोट घालावं असा जमला होता.

"घाल म्हटलं ना गो," प्रभावती म्हणाली. वाद घालायचं त्राण तिच्यात नव्हतं.

आज ती निवृत्त झाली होती. सकाळी शाळेत शाल-नारळ झाला, भाषणं झाली. मुख्याध्यापिका दमयंतीबाई म्हणाल्या, प्रभावतीबाई म्हणजे आमच्या घरातल्याच. टाळ्या पडल्या. आता संध्याकाळी त्याच दमयंतीबाई आणि गुरुप्रसाद सर बौद्धवाडीत तिच्या घरी चहाला येणार होते.

चहाला म्हणजे आपलं म्हणायचं. नोकरीच्या एवढ्या वर्षांत शाळेतल्या कोणी या घरात शिजवलेलं तोंडात घातलं नव्हतं. नको असं तोंडावर कोणी म्हटलं नाही, तेवढी माणसं सभ्य. कोणाचा नेमका उपवास निघायचा, कोणाला पित्त व्हायचं, कोणी आत्ताच जेवून आलेला असायचा. मग प्रभावतीच हसून त्यांची सुटका करायची. बिस्किटांचा पुडा त्यांच्यादेखत फोडायची, थंड पेयाची बाटली त्यांच्यादेखत उघडायची. बंद पुड्याने मात्र कोणाला पित्त होत नसे! सुरुवातीला तिला याचा राग यायचा. मग रडू यायचं. आता नुसता वीट आला होता.

म्हणून दीक्षाने ठाण्याहून येतानाच बेत केला होता. पिझ्झा मागवू, बाहेरचा असला म्हणजे खातील. काल रत्नागिरीत उतरल्यावर तिने एक आणून आईला दाखवलाही. पण आज दुकानवाला इथे पूर्णगडापर्यंत पोचवायला तयार होईना. "मग घरीच करू," दीक्षा म्हणाली. पीठ प्रभावतीने मळलं. खांदे भरून आले, तरी लेकीच्या हातात दिलं नाही. मळता मळता तिच्या मनात आलं, एकदा, फक्त एकदा, आपल्या हातचं या माणसांच्या पोटात जाऊ दे. त्यांना कळलं नाही तरी चालेल. आणि तिने कालचा रिकामा खोका फडताळावरून काढून पुसून ठेवला.

पाहुणे आले. ओटीवर पंखा लावला. दीक्षाने खोका आणून मधोमध ठेवला आणि झाकण उघडलं.

गुरुप्रसाद सरांनी खोक्यावरचं दुकानाचं नाव वाचलं आणि पहिला तुकडा उचलला. मग दमयंतीबाईंनी.

"वा! काय खुसखुशीत आहे हो," बाई म्हणाल्या. "लेकीनं आणलान वाटतं रत्नागिरीहून? असलं काही घरी नाही बाई जमत."

सरांनी दुसरा तुकडा घेतला. बाईंनी बोटं चाटली आणि त्यांनीही दुसरा घेतला. दोघं मनापासून खात होती. प्रभावती बघत राहिली. हेच तर हवं होतं तिला. मग छातीवर धोंडा ठेवल्यासारखं का वाटत होतं? तिच्या हातचं पोटात जात होतं आणि नाव मात्र दुकानाचं होत होतं. आपल्याच घरात आपण चोरून वाढतो आहोत, असं तिला वाटलं आणि स्वतःचीच शरम आली.

"बाई," ती म्हणाली, "दुकानातला नाही तो. घरी केलाय. पीठ मी मळलंय."

दमयंतीबाईंचं चावणं थांबलं. गाल तसाच फुगलेला राहिला.

सरांनी हातातला तुकडा अलगद खोक्याच्या कडेला ठेवला. "अरेच्चा, आज शनिवार, नाही का? विसरलोच मी. माझा उपास असतो." सकाळी निरोप समारंभात सरांनी बटाटेवडे मागून घेतले होते, तेव्हा शनिवार कुठे गेला होता कोण जाणे.

दाराशी उभी असलेली दीक्षा लालबुंद झाली. ती काही बोलणार, तेवढ्यात प्रभावतीने हात वर करून तिला थांबवलं.

आता सगळे प्रभावतीकडे बघायला लागले. पुढचं काम तिचं होतं ना! तिने हसायचं होतं, राहू द्या हो म्हणायचं होतं, आत जाऊन काहीतरी बंद पुड्यातलं आणायचं होतं. दमयंतीबाईंच्या डोळ्यांत तर तशी विनवणीच होती. तोंडातला घास ना आत जात होता, ना बाहेर येत होता.

प्रभावतीला उठवेना. पाय दुखत होते म्हणून नव्हे. या माणसांना त्यांच्या लाजेतून उचलून बाहेर काढायचं काम तिने नोकरीसारखं इमानाने केलं होतं, आणि आज ती निवृत्त झाली होती.

"गिळायचा तर गिळा, बाई," ती शांतपणे म्हणाली. "थुंकायचा असेल तर मोरी तिकडे आहे."

बाई काय करतात ते बघायला प्रभावतीने मान वर केली नाही. तिने खोका आपल्याकडे ओढला, एक तुकडा उचलला आणि खायला लागली. मघापासून ती त्यांच्याच तोंडाकडे बघत होती. तिने स्वतः अजून चाखलाच नव्हता.