कॉल चालू आहे

मुलांनो, कल्पना करा, आई घरातच आहे, पण तिच्याशी बोलायचं नाही. दिघीत राहणाऱ्या, तिसरीतल्या ईश्वरीला हा नियम पाठ होता. आईच्या कानांवर हेडफोन असले, की तिच्या चाकणच्या कंपनीची मीटिंग चालू असते.

त्या दुपारी दूध तापवताना ईश्वरीचा हात भाजला. ती आईच्या खोलीत आली, पण लॅपटॉपच्या कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून भिंतीला चिकटून, ओठ दाबून उभी राहिली.

कॉल केव्हाच संपला होता. सकाळपासून कॅमेऱ्यासमोर बसून आईचं डोकं भणभणत होतं. थोडा वेळ कोणी बोलू नये, म्हणून तिने हेडफोन तसेच ठेवून डोळे मिटले होते.

डोळे उघडले, तेव्हा पोरीच्या हातावर फोड आले होते.

"अगं बाई! हाक का नाही मारलीस, पिल्लू?"

ईश्वरीने आधी लॅपटॉपकडे वाकून पाहिलं. मग हळूच विचारलं, "आता रडू?"