चालल्याचा पुरावा

"चालता म्हणता, तर पुरावा काय?" निकेश साहेबांनी विचारलं.

सोमाजीनं पुरावा म्हणून स्वतःकडं पाहिलं. पोट टेबलाला टेकलं होतं. घाम कानामागून कॉलरीत उतरत होता. पुरावा त्याच्या बाजूनं नव्हता.

"रोज चालून राह्यलो, साहेब. पहाटे उठून. तीन महिने झाले."

"मग वजन का उतरलं नाही?" डॉक्टरांनी विचारलं.

वरोऱ्याकडच्या एका कोळसा खाणीची ही वैद्यकीय मदत समिती. समिती म्हणजे दोन माणसं. कामगारांचं बघणारे निकेश साहेब आणि कंपनीचे डॉक्टर. सोमाजी खाणीच्या वजनकाट्यावरचा बाबू. वीस वर्षं एका खुर्चीत बसून त्यानं ट्रक तोलले. ट्रक जादा भरलेला असला की वरून फोन यायचा, 'जाऊ द्या', आणि तो जाऊ द्यायचा. पैसे त्यानं कधी घेतले नाहीत. त्यामुळे ड्रायव्हर लोकांचे आलुबोंडे नाकारणं त्याला जड गेलं. प्रामाणिकपणा असा अंगाला लागला.

नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, तीन नळ्या बुजल्यात, बायपास करा, दिवाळीची वाट पाहू नका. खर्च कंपनीच्या योजनेतून व्हायचा होता. पण योजनेत यंदा नवीन कलम आलं होतं. ज्यानं खाऊन खाऊन आजार ओढवून घेतला, त्यानं आधी सुधारण्याचा प्रयत्न दाखवायचा, मग मदत मागायची. कलमाचं नाव 'वैयक्तिक जबाबदारी'. ते मोठ्यानं वाचता यावं म्हणून निकेश साहेबांनी तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा एका गालात सरकवला. खर्ऱ्याबद्दल कलम नव्हतं.

"तुमच्या खाण्याचे पैसे बाकीच्या कामगारांनी काऊन भरावे, सोमाजीभाऊ? तुम्हीच सांगा."

सोमाजीला हे पटलं होतं. तीच तर पंचाईत होती. पटलं होतं म्हणूनच तो चालत होता. मैदानावर पोरं हसायची आणि डांबरी रस्त्यावर ट्रक चिरडायला बघायचे, म्हणून वसाहतीमागच्या जुन्या खाणीच्या ढिगाऱ्यांमधून, बाभळीच्या रानातून चालत होता. तिथं वनखात्याची पाटी होती. पहाटे आणि सांजेला इकडं फिरू नये. पण काट्यावरची पाळी सातला सुरू व्हायची. पहाट सोडली तर त्याच्याकडं चालायला वेळच नव्हता.

दार लोटून स्वाती आत आली. अंगावर वनरक्षकाची खाकी, काखेत लॅपटॉप. ती सोमाजीची शेजारीण, त्याला काका म्हणायची.

"काका, तुमच्या घरी गेली होती. काकू म्हणाल्या इथी आहे." मग साहेबांकडं वळून म्हणाली, "बाहेर आयकू आलं. पुरावा पाहिजे न सर? हा घ्या."

त्या रानात वाघीण फिरते असा बोभाटा होता, म्हणून वनखात्यानं झाडांना कॅमेरे बांधले होते. समोरून काही गेलं की आपोआप फोटो निघायचा. आज ते काढून आणले होते.

पहिल्या फोटोत सोमाजी चालत होता, खांद्यावर टॉवेल. दुसऱ्यात झाडाला हात टेकून दम घेत होता. तिसऱ्यात नाल्यावरच्या कठड्यावर बसला होता. मग पुन्हा चालत होता. रोज. खाली तारीख, वेळ, सगळं.

"चालतात की हो," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडी निराशा होती.

निकेश साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. सोमाजीनं किती तरी वेळानं छातीभर श्वास घेतला.

"थांबा सर," स्वाती म्हणाली. "काकांना दाखवायचं ते पुढं आहे."

पुढच्या फोटोत तीच वाट होती, तेच झुडूप. सोमाजी निघून गेलेला. वाटेवर वाघीण. दुसऱ्या दिवशीही तसंच. आधी सोमाजी, मागून वाघीण. एका फोटोत दोघं एकदमच आले होते. सोमाजी कठड्यावर बसून तोंड पुसत होता आणि मागं, बाभळीखाली, तीही बसली होती. दोघांपैकी कुणालाच घाई दिसत नव्हती.

"उद्यापासून तिकडं पाऊल टाकाचं नाई, काका. सांगून ठेवते."

निकेश साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

"सोमाजीभाऊ, तिथी पाटी होती न?"

"होती."

"वाचली होती?"

"वाचली होती."

"म्हणजे माहीत असून गेले." ते डॉक्टरांकडं वळले. "जो माणूस स्वतःच्या हातानं जीव धोक्यात घालते, त्याच्या जिवाचा खर्च कंपनीनं काऊन करावा? ही तर बेजबाबदारी झाली."

डॉक्टरांनी जरा विचार केला. "चालणं बरोबर आहे. जागा चुकली. आता तीन महिने मैदानावर चाला आणि नव्यानं अर्ज करा."

"राह्यलो तर करतो," सोमाजी म्हणाला.

डॉक्टर हसले. माणूस गमत्या आहे, असं त्यांना वाटलं.

बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर सोमाजी टेकला. स्वाती त्याच्यासमोर उभी राहिली. ती चिडली होती, आणि रडकुंडीलाही आली होती.

"तिनं एखाद्या दिवशी मनावर घेतलं असतं म्हंजे? काकूले काय तोंड दाखवलं असतं मी?"

सोमाजी खाणीकडं जाणाऱ्या ट्रकांकडं पाहत राहिला.

"वाघानं नेलं तर तुह्या काकूले काई भेटते का?"

"भेटते न. सरकार देते." ती सवयीनं बोलून गेली. "बायपाससारखे दोन-चार होतील एवढे देते."

"पाटी वाचून गेलो असलो तरी?"

"तरी देते."

"आन् वजन किती पाहिजे?"

स्वातीनं मान खाली घातली. मग अगदी हळू म्हणाली,

"त्याले वजनाची अट नाई, काका."