माझ्याकडून झालंय

सॉफ्टवेअर उद्या ग्राहकाच्या हाती द्यायचं होतं आणि लॉगिनचं बटण दाबलं की स्क्रीन कोरी पडत होती. प्रोजेक्ट मॅनेजरने टीमला मीटिंगला बसवलं आणि विचारलं, "काम अडलंय कुणाकडे?"

"माझ्याकडून झालंय, सर. कोरी का होईना, स्क्रीन येतेय ना!" डिझायनर म्हणाली.

"माझ्याकडून तर कधीच झालंय," डेटाबेसवाला म्हणाला.

"मी तपासलं तेव्हा चालत होतं. माझ्याकडूनही झालंय," टेस्टर म्हणाला.

"सगळ्यांकडून झालंय? मग टाळ्या वाजवू का?"

झालंय अधिक झालंय अधिक झालंय.

बेरीज: कोरी स्क्रीन.

हाच गुंता डोक्यात घेऊन मॅनेजर घरी आला. दाराशी दोन भरलेल्या बॅगा होत्या. बायको चपला घालत होती.

"तू कुठे निघालीस?"

"आईकडे. कायमची. हा संसार टिकावा म्हणून जे करायचं ते माझ्याकडून झालंय."

तो गोंधळला. सवयीने तोंडातून निघून गेलं, "मग अडलंय कुणाकडे?"

ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली.

ती कुणाकडे बघतेय, म्हणून त्याने मागे वळून पाहिलं.